धुराची चोरवाट

दोन हिवाळ्यांपूर्वींची गोष्ट आहे. पौषांतील सकाळ होती. भंडाऱ्याहून नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावयाचें होतें म्हणून मीं आमची जुनी डिझेल मोटार सुरू केली. ही मोटार मीं सेवानिवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या पैशांतून एका सद्गृहस्थाकडून जुनीच विकत घेतलेली. तिचें वय तेव्हां 14 वर्षांचें, म्हणजे मोटारीच्या मानानें वानप्रस्थाश्रमाचेंच म्हणावयाचें. ती सुरू होतांच बॉनेटखालून एक बारीक आवाज येऊं लागला. टिक्, टिक्, टिक्! जणूं एखादी पाल भिंतीवर चुकचुकत असावी. पांच-सात मिनिटांत इंजिन तापलें आणि आवाज थांबला. आवाज थांबला म्हणजे रोग गेला अशी आपल्या सर्वांचीच समजूत असते. माझीहि तीच झाली.

मागील बैठकीवर सौभाग्यवती आणि नऊ वर्षांचा नातू बसले होते. थंडी म्हणून कांचा बंद होत्या. मौदा ओलांडलें न ओलांडलें तोंच नातू म्हणाला, “आजोबा, डोकं दुखतंय.” सौभाग्यवतींनीं सकाळीं न खाल्ल्याचा दोष त्याच्या माथीं मारला. पण थोड्या वेळानें त्याहि कपाळ चेपूं लागल्या. चहासाठीं रस्त्याच्या कडेला उतरलों, मोकळ्या हवेंत दहा-पंधरा मिनिटें बसलों आणि दोघांचेंहि डोकें हलकें झालें. पुन्हां मोटारींत बसलों तें पुन्हां दुखूं लागलें. इकडे मोटारीचीहि रड निराळीच. पुढील ट्रकाला मागें टाकावें म्हटलें तर पूर्वींसारखा जोर लागेना, आणि आरशांत पाहावें तों मागें काळ्या धुराचा लोट.

टिकटिक, डोकेंदुखी आणि मोटारीचा गेलेला दम ह्या तीन गोष्टी एकाच मायेच्या लेकी आहेत, हें मला तब्बल दोन आठवडे कळलें नाहीं. आपणांपैकीं ज्यांच्या दारांत जुनी टर्बो मोटार उभी आहे, त्यांना तें दोन मिनिटांत कळावें, एवढाच आजच्या माझ्या भाषणाचा हेतु आहे.

मधल्या दोन आठवड्यांत मीं मोटार शहरांतील एका कारखान्यांत दाखविली. तेथील तरुण कारागिरानें ती एक फेरी फिरवून आणली आणि निकाल दिला, “टर्बो गेला. नवा बसवावा लागेल.” खर्चाचा अंदाज 45,000 रुपये. मीं विचारलें, “कशावरून?” त्यावर, “आमचा अनुभव आहे,” याहून अधिक उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें. मी नुसता मॅट्रिक झालेला प्राथमिक शिक्षक. यंत्रशास्त्राचा मला गंध नाहीं. परंतु ‘उत्तर लिहिलेंस खरें, पण रीत कोठें आहे?’ असें 35 वर्षें मुलांना विचारीत आलेल्या माणसाला रीतीवांचून उत्तर पटत नाहीं. मीं नमस्कार केला आणि मोटार घरीं आणली.

आतां, टर्बो म्हणजे काय हें प्रथम पाहूं. भंडारा हें पितळी भांड्यांचें गांव म्हणून पूर्वींपासून प्रसिद्ध आहे. भट्टीपुढें भाता चालत असलेला ज्यांनीं पाहिला असेल, त्यांना टर्बो समजावयास अडचण पडूं नये. कोळसा तोच, भट्टी तीच. परंतु भात्यानें हवा कोंडून आंत घातली कीं जाळ दुप्पट होतो. इंजिनाचेंहि तसेंच आहे. जितकी हवा आंत जाईल तितकेंच तेल नीट जळेल आणि तितकीच शक्ति मिळेल. अधिक हवा घालावयाची तर भाता हवा. पण हा भाता हलवावयाचा कोणीं?

स्वित्झर्लंडमधील अल्फ्रेड ब्यूखी नांवाच्या इंजिनियरानें ह्या प्रश्नाचें उत्तर शोधून 1905 सालीं त्याचें पेटंट घेतलें. तेलांतील उष्णतेपैकीं सुमारें एक तृतीयांश धुराबरोबर वायां जाते. त्या धुरालाच त्यानें कामाला जुंपलें. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन लहान पंखे. एक धुराच्या मार्गांत, दुसरा हवेच्या मार्गांत. धूर पहिल्याला फिरवितो. त्याच्याबरोबर दुसरा फिरतो आणि हवा दाबून इंजिनांत लोटतो. मोटारींतील असा दांडा जोरांत असतां मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो! 1925 सालीं दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना ही युक्ति जोडली, तेव्हां इंजिनाची शक्ति 1,750 अश्वशक्तीवरून 2,500 वर गेली. मोटारींत ती 1962 सालीं अमेरिकेंत आली आणि डिझेलवर चालणाऱ्या प्रवासी मोटारींत 1978 सालीं मर्सिडिझनें आणली. आपल्याकडे पुण्यास तयार झालेली टाटांची सफारी 1998 सालीं निघाली आणि नाशिकास तयार झालेली महिंद्रांची स्कॉर्पिओ 2002 सालीं निघाली. अशा मोटारींबरोबर टर्बो हा शब्द आपल्या गांवोगांवीं पोंचला. त्या काळच्या मोटारी आतां वयस्क झाल्या असल्या तरी पुष्कळ अजून धांवत आहेत, आणि माझें सांगणें मुख्यतः त्यांच्याविषयीं आहे.

ध्यानांत धरण्यासारखी मुख्य गोष्ट ही, कीं साध्या मोटारींत धूर हा केवळ बाहेर टाकावयाचा केर असतो. टर्बो मोटारींत तो राबणारा गडी असतो. म्हणून साध्या मोटारींत धूर मध्येंच गळला तर आवाज वाढतो आणि वास येतो, एवढेंच. टर्बो मोटारींत तो कोठें गळतो ह्याला फार महत्त्व आहे. आमचा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. तलावाच्या पाटाला शेताच्या आधीं भगदाड पडलें तर बांधी कोरडी राहते. शेताच्या पुढें पडलें तर धानाचें नुकसान नाहीं, फक्त जाण्यायेण्याच्या वाटेंत चिखल होतो. तद्वत् धूर पंख्याच्या आधीं गळला तर पंखा मंद फिरतो, हवा कमी पडते, मोटारीचा दम जातो आणि अर्धवट जळालेलें तेल पुष्कळदां काळा धूर होऊन बाहेर पडतें. पंख्याच्या नंतर गळला तर जोर तसाच राहतो. आवाज आणि दुर्गंधि मात्र वाढते. तेव्हां गळती पंख्याच्या आधीं कीं नंतर, हा आपला पहिला प्रश्न. मोटारीचा दम गेला आहे कीं नाहीं, ह्यावरून त्याचें अर्धें उत्तर घरबसल्या मिळतें.

ही गळती होते तरी कां? इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरांतून निघणारा धूर एका फांद्याफांद्यांच्या बिडाच्या नळींत गोळा होतो. कारागीर तिला मॅनिफोल्ड म्हणतात. तें इंजिनाच्या माथ्याला, म्हणजे हेडला, आट्यांच्या खिळ्यांनीं आवळलेलें असतें. ह्या खिळ्यांना स्टड म्हणतात. दोहोंच्या मध्यें धातूच्या पातळ पत्र्यांचें पॅकिंग असतें, तें गॅस्केट. टर्बो ह्याच मॅनिफोल्डाला लटकलेला असतो. डिझेल मोटार जोरांत चालली म्हणजे येथील धूर 700 अंश सेल्सिअसच्या घरांत जातो. पेट्रोलच्या टर्बो मोटारींत तो 900 च्याहि वर जातो.

आतां एक साधें त्रैराशिक करूं. बीड एक अंश तापलें म्हणजे दहा लाख भागांत सुमारें 11 भाग लांब होतें. मॅनिफोल्डाची लांबी 400 मिलिमीटर धरली आणि तें 500 अंशांनीं तापलें, तर वाढ झाली 2.2 मिलिमीटर. ज्या हेडला तें जखडलें आहे तें पुष्कळ इंजिनांत ॲल्युमिनियमचें असतें. ॲल्युमिनियम दहा लाखांत 23 भाग वाढतें खरें, परंतु त्यांतून पाणी खेळत असल्यामुळें तें 70 अंशांनींच तापलें असें धरूं. त्याची वाढ सुमारें 0.6 मिलिमीटर. म्हणजे दोघांच्या वाढींत दीड मिलिमीटराचा तंटा! दोन टोकांत वांटला तरी एकेका टोकाला पाऊण मिलिमीटराची ओढ. मोटार सुरू करावी कीं ही ओढ लागते; थंड झाली कीं सुटते. वर्षानुवर्षें, दिवसांतून चार वेळां हें चाललें म्हणजे टोंकाचे स्टड एके दिवशीं तुटतात. मधले बहुधा शाबूत राहतात. बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धाव लाल करून चढवितो आणि पाणी ओततांच ती आवळून लांकडाला करकचून धरते, हें आपण पाहिलेंच असेल. धातूच्या ज्या स्वभावानें चाक घट्ट होतें, त्याच स्वभावानें मॅनिफोल्ड ढिलें होतें.

टिकटिकीचें कोडेंहि येथेंच सुटतें. सकाळीं धातु आंखडलेली असते. सांध्यांत केसाएवढी फट असते आणि प्रत्येक फुंकरीबरोबर तींतून धूर ‘टिक्’ करून निसटतो. धातु तापून फुगली म्हणजे फट मिटते आणि आवाज थांबतो. पण मोठ्या दाबाखालीं, चढावर किंवा ट्रकाला ओलांडतांना, तीच फट पुन्हां श्वास सोडूं लागते. म्हणून श्रोतेहो, ही गळती पकडावयाची वेळ म्हणजे सकाळची, मोटार रात्रभर थंड झाल्यानंतरचीं पहिलीं दोन मिनिटें. कारखान्यांत आपण मोटार चालवीत नेतों, म्हणजे आरोपीला कपडे बदलावयास वेळ देऊन मग न्यायासनापुढें उभा करतों! त्या तरुण कारागिराला टिकटिक ऐकूं आली नाहीं, ह्याचें कारण हेंच.

अखेर मीं महामार्गावर लहानसें दुकान असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला गांठलें. वर्गांत त्याची गणिताची वही कधीं पुरी नसे. पण त्या दिवशीं त्यानें मला रीत शिकविली. तो सकाळीं सहा वाजतां आमच्या दारीं आला, इंजिनाला हात लावून थंड असल्याची खात्री केली आणि मग मला मोटार सुरू करावयास सांगितली. डोकें तिरकें करून त्यानें क्षणभर ऐकलें आणि म्हणाला, “गुरुजी, टर्बो नाही गेला जी. चोरी होऊन राहिली आहे. पण चोर कोणता तें पाहू द्या.”

चोर तीन प्रकारचे असतात, हें त्यानें मला समजावून दिलें. पहिला चोर धुराच्या मार्गावरचा. त्याची टिकटिक इंजिनाच्या ठेक्यावर चालते आणि वेग वाढविला कीं ठेकाहि वाढतो. इंजिन मिनिटाला 800 फेरे घेत असेल तर एक सिलिंडर दर दोन फेऱ्यांत एकदां धूर सोडतो, म्हणजे मिनिटाला 400 वेळां, सेकंदाला साडेसहाहून किंचित् अधिक वेळां. एकाच सिलिंडरापाशीं गळती असेल तर टिकटिक साधारण त्याच गतीनें ऐकूं येते. दुसरा चोर हवेच्या मार्गावरचा. टर्बोनें दाबलेली हवा ज्या रबरी नळ्यांतून इंजिनाकडे जाते, त्यांपैकीं एखादी फाटली किंवा तिचा पट्टा ढिला झाला तरी दम जातो आणि काळा धूर येतो. पण तेथें टिकटिक नसते. जोर दिला कीं ‘फुस्स्’ असा लांब सुस्कारा येतो, आणि सांध्यापाशीं तेलाचा ओलसर मळ दिसतो. तिसरा म्हणजे टर्बो स्वतः. त्याचा दांडा झिजला तर भोंग्यासारखी किंकाळी येते आणि तेल जळून निळसर धूर निघतो. आमच्या मोटारीला किंकाळी नव्हती, निळा धूर नव्हता, टिकटिक होती. 45,000 रुपयांचें उत्तर तेथल्या तेथें चुकीचें ठरलें.

डिझेल मोटारींत आणखी एक तोतया असतो, तोहि सांगून ठेवतों. तेलाची पिचकारी, म्हणजे इंजेक्टर, ज्या तांब्याच्या वायसरावर बसते तो वायसर गळूं लागला तरी असाच ‘फट् फट्’ आवाज येतो. मात्र तेथें इंजेक्टरच्या बुडाशीं डांबरासारखा काळा थर सांचतो, आणि साबणाचें पाणी टाकलें तर चालत्या इंजिनावर बुडबुडे उठतात.

आतां जागा शोधावयाची. त्यानें हातभर रबरी नळी घेतली. तिचें एक टोक कानाशीं धरलें आणि दुसरें मॅनिफोल्डाच्या सांध्यावरून हळूहळू फिरविलें. वैद्य छातीला नळी लावतो तसेंच हें. चवथ्या सिलिंडरापाशीं आवाज एकदम मोठा झाला. ह्या वेळीं नळी, हात, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर इंजिनाच्या पंख्याजवळ व पट्ट्याजवळ जातां कामा नये, हें विशेषतः सांगतों. मग इंजिन बंद करून, उष्णता अडविणारा पत्रा काढून, त्यानें लहान आरसा आणि बॅटरी यांच्या साहाय्यानें सांध्याच्या खालच्या बाजूला पाहिलें. तेथें काजळाची एक काळी जीभ उमटली होती. काजळ खोटें बोलत नाहीं. जेथून धूर निघतो तेथें तो आपली सही करून जातो. पेट्रोलच्या मोटारींत ही सही पुष्कळदां करड्या-पांढऱ्या रंगाची असते.

तरीहि त्यानें तिसरी साक्ष काढली. इंजिन बंद व थंड असतां मागील सायलेन्सरच्या तोंडांत कापड गुंडाळलेली नळी बसवून तींतून अगदीं कमी दाबानें हवा सोडली आणि सगळ्या सांध्यांवर ब्रशानें साबणाचें पाणी लावलें. सायकलच्या ट्यूबचें पंक्चर शोधण्याचीच ही तऱ्हा. चवथ्या सिलिंडरापाशीं बुडबुड्यांची माळ उठली. बाकीचे सांधे स्वच्छ. घरीं एवढी व्यवस्था नसेल तर उघड्या अंगणांत मोटार नुकतीच सुरू केली असतां दुसऱ्या माणसानें जाड ओल्या कापडाच्या बोळ्यानें सायलेन्सरचें तोंड दोन-चार सेकंद अर्धवट झांकावें. आंतील दाब वाढून गळतीचा आवाज ठळक होतो. उदबत्तीचा धूर जवळ धरून पाहण्याची रीत कोणी सांगतात. परंतु तेलाच्या नळ्यांजवळ निखारा नेणें, विशेषतः पेट्रोलच्या मोटारींत, शहाणपणाचें नव्हे. साबणाचें पाणी दोन रुपयांत तेंच काम करतें.

दुरुस्तीचें काम शोधण्यापेक्षां अधिक धीराचें. गंजलेले नट पहिल्याच दिवशीं जोरानें फिरविले तर जे स्टड शाबूत आहेत तेहि तुटावयाचे. त्यानें दोन दिवस सकाळसंध्याकाळ त्यांवर गंज सोडविणारें तेल सोडलें आणि मगच पाना लावला. मॅनिफोल्ड निघाल्यावर दिसलें, कीं टोकाचा एक स्टड हेडच्या पृष्ठभागाशीं तुटून आंतच राहिला होता आणि त्याच्या भोंवतालचें गॅस्केट जळून गेलें होतें. स्टडचें टोक थोडें वर असतें तर त्याला नट वेल्डिंगनें चिकटवून फिरवितां येतें, आणि वेल्डिंगच्या आंचेनें तो सैलहि होतो. आमचा बरोबर सपाटीला होता. त्याला मधोमध छिद्र पाडून उलट्या आट्यांच्या अवजारानें काढावें लागलें. हें काम सरळ हाताचें आहे. छिद्र कलतें पडलें किंवा अवजारच आंत तुटलें तर हेड उतरविण्यापर्यंत पाळी येते. म्हणून येथें मात्र घरच्या हौशी कारागिरानें थांबावें आणि ज्याचा हात बसलेला आहे त्याला बोलवावें.

मग मॅनिफोल्डाची परीक्षा. त्यानें तें तारेला टांगून लहान हातोडीनें टकटक केली. स्वच्छ नाद आला. तडा गेलेलें भांडें बद्द वाजतें, हें आमच्या गांवांत शेंबडें पोरहि जाणतें. मग पोलादी सरळ पट्टी त्याच्या तोंडांवर आडवी ठेवून खालून फीलर गेजची पातळ पाती सरकते का, हें पाहिलें. वांक गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मर्यादेबाहेर असेल तर मशीनवर तोंड सपाट करून घ्यावें लागतें. तसें न करतां नवें गॅस्केट घालणें म्हणजे तुटक्या चौकटींत नवी कांच बसविणें होय. बिडाला आरपार तडा असेल तर तें वेल्डिंगनें जोडतां येतें, पण त्याला आधीं सावकाश तापवावें लागतें, निकेलची सळई वापरावी लागते आणि सावकाश निववावें लागतें. इतकें करूनहि तो तडा पुष्कळदां परत उघडतो. अशा वेळीं भाग बदललेला बरा.

येथें एक धोक्याची सूचना. पुष्कळ जण अशा फटींत लांबी किंवा लुकण भरतात. पंख्याच्या आधींच्या मार्गांत हें कदापि करूं नये. तो खपला उष्णतेनें सुटून लाख फेऱ्यांनीं फिरणाऱ्या पंख्यावर आदळला तर खरोखरच टर्बो जातो आणि मग 45,000 चें उत्तर बरोबर ठरतें! ह्याच कारणास्तव काम चालू असतां टर्बोचें तोंड स्वच्छ कापडानें झांकून ठेवावें आणि काढलेला प्रत्येक नट-वायसर मोजून ताटलींत ठेवावा.

जोडणींत तीन नियम त्यानें पाळले. गॅस्केट नवें, कारण दबलेलें जुनें पुन्हां फुलत नाहीं. स्टड आणि नट उष्णता सोसणाऱ्या पोलादाचे, साध्या बाजारी बोल्टाचे नव्हेत. आणि आवळणें मधून टोकांकडे, एकदम नव्हे तर दोन-तीन फेऱ्यांत, पुस्तकांत दिलेल्या जोरानें, मोजणीच्या पान्यानें. टर्बो सोडवावा लागला होता म्हणून त्याच्या तेलाच्या वाटेंत आधीं स्वच्छ तेल ओतलें आणि मगच इंजिन सुरू केलें. कारण कोरड्या दांड्याला लाख फेरे सोसवत नाहींत. आठ दिवसांनीं, तापणें-निवणें चार-सहा वेळां झाल्यावर, थंड इंजिनावर नट पुन्हां तपासले. एकंदर खर्च 3,200 रुपये. पैसे घेतांना तो संकोचला. पण विद्येचें मोल द्यावयाचें असतें, हें मींच त्याला कधीं तरी शिकविलें असेल.

आमच्या मोटारींत नव्हती, परंतु जुन्या मोटारींत नेहमीं आढळणारी आणखी एक जागा म्हणजे टर्बोच्या पुढची जाळीदार लवचिक नळी. इंजिन हललें तरी मागचा पाईप मोडूं नये म्हणून ती घातलेली असते. ती फाटली तर दम जात नाहीं, केवळ घुरघुर वाढते. नवी नळी घालूनहि ती वर्षभरांत पुन्हां फाटली, तर दोष नळीचा नसून इंजिन ज्या रबरी पायांवर बसतें ते पाय खचले आहेत असें समजावें. मूळ सोडून फांदीला औषध लावण्यांत अर्थ नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. माझ्या नातवाचें डोकें कां दुखत होतें? इंजिनापाशीं गळलेला धूर समोरच्या कांचेच्या पायथ्याशीं असलेल्या हवेच्या झरोक्यांतून आंत शिरत होता आणि बंद कांचांमुळें आंत कोंडत होता. ह्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां दोनशे पटींहून अधिक ओढीनें त्याला धरून ठेवतें, आणि मग प्राणवायूला जागाच उरत नाहीं. प्रथम डोकें दुखतें, नंतर चक्कर व मळमळ येते, मग झोंप येते; आणि तीच अखेरची ठरण्याचा संभव असतो. डिझेलच्या धुरांत हा वायु पेट्रोलच्या मानानें पुष्कळ कमी असतो, हें आमचें सुदैव. परंतु डिझेलची काजळी आणि नायट्रोजनचे तिखट वायु हेहि कोंवळ्या फुप्फुसांना हितकर नाहींत. पेट्रोलची टर्बो मोटार असती तर आजचें भाषण मीं इतक्या हंसतमुखानें केलें असतें कीं नाहीं, कोण जाणे.

म्हणून माझी विनंति अशी. मोटारींत बसल्यावर एकाहून अधिक माणसांचें डोकें दुखूं लागलें आणि बाहेर उतरतांच बरें वाटूं लागलें, तर उपास, ऊन किंवा पित्त यांना दोष देण्यापूर्वीं धुरावर संशय घ्यावा. कांचा उघडाव्या, मोटार थांबवावी, सर्वांना उतरवावें. चक्कर किंवा गुंगी असेल तर विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावें. आणि गळती बंद झाल्यावांचून त्या मोटारींत मुलांना बसवूं नये. बंद शेडमध्यें इंजिन चालू ठेवून गळती शोधूं नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखालीं शिरूं नये. आणि टिकटिक आपोआप थांबली म्हणून समाधान मानूं नये. मीं मानलें होतें, आणि दोन आठवडे नातवाला त्याच मोटारींत शाळेंत पोंचवीत होतों. ही माझी चूक कबूल करण्यासाठींच कदाचित् मी आज येथें आलों असेन.

दुरुस्ती झाल्यावर पहिल्या रविवारीं आम्ही पुन्हां नागपूरला निघालों. पहांटेची थंडी तशीच होती. मोटार सुरू केली आणि मी कान देऊन बसलों. टिकटिक नव्हती. मौदा मागें पडलें. आरशांत पाहिलें, तों नातू कांचेला नाक लावून कन्हानचें पाणी पाहत होता. मीं विचारलें, “काय रे, डोकं?” तो म्हणाला, “आजोबा, भूक लागली.”